ठोसरसाहेबांचा चातुर्मास

दरवर्षी श्रावण लागला की पेपरात एक ओळ येते, ‘भामरागडचा संपर्क तुटला.’ बातमी तीच असते, फक्त वार बदललेला असतो. मुलगा ती मोठ्यानं वाचतो, सून गॅस बारीक करून ऐकते, आणि मग दोघंही माझ्याकडे पाहतात, कारण त्या गावात मी माझी तरणी वर्षं काढली. मी हळहळावं अशी त्यांची अपेक्षा असते. मी हळहळतेही. पुरात माणसांचे काय हाल होतात ते मी भोगलेलं आहे, कोणी मला सांगायला नको. पण हळहळण्याच्या आधी मला हसू येतं आणि ते लपवायला मी पदर तोंडाशी नेते. सुनेला वाटतं, सासूबाईंना रडू आलं. ती बिचारी चहा टाकते.

मला त्या वेळी पर्लकोटा नदीच्या काठावर उभा असलेला एक माणूस दिसत असतो. अंगात कोट, हातात कातडी बॅग, काखेत छत्री, आणि समोर गढूळ लाल पाणी. त्याचं नाव ठोसर. चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, तो इन्कमटॅक्सची कामं करायचा. त्याला मी तिथे अडकवून ठेवला होता, अख्खा पावसाळा.

आता वय झालं. आमच्या गडचिरोलीच्या देवळात कीर्तन होतं, महाराज सांगतात, मनातला राग सोडा, हलकं वाटेल. मी पहिल्या रांगेत बसते, मान डोलावते, प्रसाद घेते आणि घरी येऊन ठोसरला पुन्हा एकदा काठावर उभा करते. राग सोडून हलकी होणारी माणसं असतील जगात. मला आजवर राग धरूनच बरं वाटत आलं आहे, आणि आता या वयात सवय कशाला मोडायची.

राज्य बदललं त्याच्या पुढच्या पावसाळ्यापासूनची ही गोष्ट. आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, असं लोक म्हणत. आम्ही होतो तिथेच होतो. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा अशा तीन नद्या भेटतात, आणि पावसाळ्यात तिघी मिळून गाव उचलून बाजूला ठेवतात. रस्ता म्हणजे जंगल खात्याची गाडीवाट. लाकडाचा शेवटचा ट्रक आलापल्लीकडे गेला की तिकडचं तिकडे आणि इकडचं इकडे. माझ्या यजमानांचं, गणपतभाऊंचं, तिथे दुकान होतं. मीठ, रॉकेल, कापड, काड्यापेट्या, तापावर कुनैन असं सगळं उन्हाळ्यातच भरून ठेवायचं. दुकान आणि घर एकच. पुढच्या खोलीत मिठाचा ओलसर वास, मधल्या खोलीत मोहफुलांचा गोड आंबूस वास आणि त्यावर हिरड्याचा तुरटपणा. पावसाळाभर माझ्या लुगड्यालाही तोच वास यायचा. चुलीवर बांबूचे कोवळे कोंब, त्यांना आमच्याकडे वास्ते म्हणतात, नाहीतर जंगलातल्या अळंब्या, नाहीतर सुकी मासळी. मला ते दिवस आवडायचे, हे कबूल केलं पाहिजे. कोणी येणार नाही आणि कुठे जायचं नाही, यात एक सुख असतं.

आणि तिथली एक रीत होती. पाणी चढलेलं असेपर्यंत कोणी कोणाकडे काही मागायचं नाही. लग्नाची बोलणी, बांधाचं भांडण, उसनं दिलेलं धान्य, पंचायत, सारं पाणी उतरल्यावर. एकदा एकाने दुसऱ्याची बकरी कापून खाल्ली, ते सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही माहीत होतं की सगळ्यांना माहीत आहे. पण न्याय पाणी उतरल्यावर होणार म्हणून तोवर तो बकरीच्या मालकाबरोबर बसून मासे धरत होता. मी आरमोरीकडची, मास्तरची मुलगी. पहिल्या वर्षी मला हे वेडेपणाचं वाटलं. पुढे मलाच कोणी आषाढात काही मागितलं तर राग यायला लागला.

या रीतीनं आमचा घात केला. तेंदूपत्त्याच्या दिवसांत, ऐन उन्हाळ्यात, टपालाच्या माणसानं इन्कमटॅक्सची नोटीस आणून दिली, आणि तिच्यात हजर राहण्याची तारीख होती ऐन भादव्यातली. यजमानांनी ती वाचली, तिची घडी घातली आणि अगदी शांतपणे म्हणाले, “चुकीनं लिहिली असन. भादव्यात कोणी कोणाले बोलावते का?”

सरकार पावसाळ्यात काही मागू शकतं, हे त्यांच्या डोक्यात शिरेचना. आणि ते काही अडाणी नव्हते, चौथी पास होते. गावात ज्याला विचारलं त्याचंही हेच मत पडलं. जंगल नाक्यावरचा नाकेदार म्हणाला, फाडून टाका. शाळेचा मास्तर म्हणाला, राज्य बदललं, आता जुन्या नोटिसा चालत नाहीत. ट्रकचा ड्रायव्हर तर म्हणाला की इन्कमटॅक्स फक्त गुजराती लोकांना असतो. जो भेटेल तो सल्ला देत होता. पुढे मी पाहिलं आहे, ज्याला त्यातलं कमी कळतं तोच जास्त ठामपणे बोलतो.

यजमानांचा खरा प्रश्न वेगळाच होता आणि तो प्रामाणिक होता. “मी मीठ देतो, चारोळी घेतो. कापड देतो, हिरडा घेतो. यात पैसा कुठी आला? आणि पैसाच नाई तर त्यावर टॅक्स कशाचा?” हे कोणीतरी जाणत्यानं समजावून सांगायला हवं होतं. मीच मागे लागले. म्हटलं, आमच्या आरमोरीकडे पावसाळ्यातही कचेऱ्या चालतात, तुम्ही चांद्याला जा आणि माहितगार माणसाला विचारून या. शेवटच्या ट्रकवर बसून ते गेले. धर्मशाळेत कोणीतरी ठोसरचं नाव सांगितलं.

ठोसरच्या घराला ओटा होता, ओट्यावर बाक होता, आणि बाकावर रोज सकाळी आमच्यासारखी माणसं बसलेली असत. ठोसर आतून पान खात यायचा, सगळ्यांकडे एकदा पाहायचा आणि म्हणायचा, “चिंता करू नका. मी आहे ना.” यजमानांनी मीठ आणि चारोळीचा प्रश्न विचारला तेव्हाही तो हेच म्हणाला. उत्तर दिलंच नाही. यजमान मात्र खूष झाले. एवढा शिकलेला माणूस म्हणतो मी आहे ना, मग आपण वेगळं काय विचारायचं? वर ठोसरनं सांगितलं, “आता चांद्यातून हलू नका. साहेब कधीही बोलावतील.” तेव्हा ते राहिले. अख्खा पावसाळा धर्मशाळेत राहिले आणि रोज सकाळी त्या बाकावर जाऊन बसले.

इकडे श्रावणात सासूबाईंना ताप भरला. कुनैन दिलं, काढे दिले, उतार पडेना. उघडीप मिळाली तशी मी एका जंगल गार्डाबरोबर चांद्याला निरोप धाडला. तो चिखल तुडवत आलापल्लीला गेला आणि निरोप पोचला, हे मला नंतर कळलं. यजमान तसेच उठून ठोसरकडे गेले. म्हणाले, “माय आजारी आहे, मले जाऊ द्या.” ठोसर म्हणाला, “अहो, तारीख तोंडावर आली आहे. चार दिवस थांबा. आत्ता गेलात तर घरदार जाईल.” आणि माझा भोळा नवरा परत जाऊन बाकावर बसला.

सासूबाईंची खाट मी दाराशी आणली होती, तिथून नदीचा पलीकडचा काठ दिसायचा. त्या मला दिवसातून कितीदा विचारायच्या, “कोणी उभं आहे का ओ तिकडं?” मी म्हणायची, “नाई जी, पाणी आहे.” शेवटी शेवटी मला तेवढं सांगायचीही हिंमत होत नव्हती. त्या गेल्या तेव्हा माझ्या चुलत दिरानं अग्नी दिला. लाकडं ओली होती. त्यांच्या मुलाला हे कळलं ते पाणी उतरल्यावर, तो घरी आला तेव्हा, अंगणात, माझा चेहरा पाहून नाही, तर रिकामी खाट भिंतीला उभी केलेली पाहून. त्यानं खाट आडवी केली आणि तिच्यावर बसून राहिला.

ज्या तारखेसाठी यजमानांना थांबवलं होतं, त्या तारखेला ठोसर गेलाच नव्हता. बल्लारपूरकडचा एक मोठा लाकूडवाला ठेकेदार त्याचा अशील होता, त्याच्या कामाला तो नागपूरला गेला होता. आमचं नाव पुकारलं गेलं तेव्हा आमच्यातर्फे कोणीच नव्हतं. तेव्हा साहेबानं आपल्या अंदाजानं उत्पन्न धरलं आणि त्यावर टॅक्स लावला. तो आकडा ऐकून गावातले लोक यजमानांकडे नव्या आदरानं पाहायला लागले. त्यांना वाटलं, गणपतभाऊनं कुठंतरी पुरून ठेवलं असणार.

आमच्यापाशी काही पुरलेलं नव्हतं. यजमान पुन्हा ठोसरच्या बाकावर. “अपील ठोकून दिलं आहे,” ठोसर म्हणाला. हिवाळा गेला. “राज्य बदललं ना, फायली नागपूरहून मुंबईला गेल्यात. मी आहे ना.” होळी गेली. आणि मग सिरोंच्याच्या तहसिलीतून कागद आला की टॅक्स भरला नाही, म्हणून घर आणि दुकान लिलावाला काढण्यात येईल. लिलाव पावसाळ्यानंतरचा होता. तहसिलीला निदान आमच्याकडचं पाणी तरी ठाऊक होतं.

त्या वेळी यजमानांना घेऊन मी स्वतः चांद्याला गेले. ठोसरकडे नाही. मी बाजारात बायकांना विचारलं. बांगड्या भरणारी एक मुसलमान बाई होती, तिला म्हटलं, या गावात कोणता वकील लोकांना रागावतो? ती हसली आणि तिनं रहमतसाहेबांचं घर दाखवलं. असं का विचारलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही, पण गोड बोलणाऱ्याचा मला वीट आला होता.

रहमतसाहेब म्हातारे होते, चष्म्याला दोरा बांधलेला. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि यजमानांचा तो जुना प्रश्नही ऐकला. म्हणाले, “मीठ देऊन चारोळी घेतली, ठीक. मग ती चारोळी तुमी ठेवता का विकता?”

“विकतो जी,” यजमान म्हणाले.

“तो मग काऊन विचारता? मिठाले किती लागले अन् चारोळीचे किती आले, मधलं जे उरलं तेच तुमचं उत्पन्न. टॅक्स लागन, भाऊ. पण जेवढा आहे तेवढाच लागन.”

इतकं सोपं होतं. या एका वाक्यासाठी माझा नवरा पावसाळाभर बाकावर बसला होता. मग मी विचारलं, आता लिलाव थांबेल का? तेव्हा ते म्हणाले, “देखो बाई, मले आत्ता माहीत नाई. खोटं काऊन सांगू? पुस्तक पाहतो, कचेरीत जाऊन येतो, उद्या सांगतो.”

मला माहीत नाही, हे शब्द इन्कमटॅक्सच्या बाबतीत मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्याच क्षणी मी ठरवलं की हाच आपला माणूस. पुढे आयुष्यात डॉक्टर निवडताना, मुलीसाठी स्थळ पाहताना, घराला मिस्त्री लावताना मी हीच कसोटी लावली, आणि फार फसले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते ऐकायला गोड नव्हतं. अपील वगैरे ठोसरनं काही ठोकलेलंच नव्हतं. शिवाय कचेरीत त्यांना एक गोष्ट कळली. तारखेच्या आधी ठोसर एकदाच साहेबापुढे गेला होता आणि त्यानं सांगितलं होतं, “माझा अशील भामरागडला अडकला आहे, रस्ता बंद आहे.” म्हणून साहेबानं पुढची तारीख दिली, आणि त्या तारखेला तो उगवलाच नाही. माझा नवरा कचेरीपासून दोन गल्ल्यांवर बाकावर बसलेला होता आणि हा माणूस त्याला पुराच्या पलीकडे दाखवत होता.

“अपिलाची मुदत गेली,” रहमतसाहेब म्हणाले. “मी आता अर्ज टाकतो का उशीर माफ करा. पण उशीर काऊन झाला, ते साहेबाले पटलं पाहिजे. ठोसरनं सोता लिहून दिलं का मी यांना अंधारात ठेवलं, तर काम होईल. नाई तर कठीण आहे.”

“तो कायले लिहून देईन जी?” यजमान म्हणाले.

रहमतसाहेबांनी चष्मा पुसला.  मी मात्र परतीच्या वाटेवर सगळा वेळ विचार करत होते. लोक म्हणतात रागात डोकं चालत नाही. माझं तर तेव्हा इतकं छान चाललं की पुन्हा कधी तसं चाललं नाही.

ठोसरला मी निरोप पाठवला. भामरागडच्या आणि आसपासच्या सगळ्या दुकानदारांना नोटिसा आल्या आहेत, सगळे घाबरले आहेत, आणि तुमच्यासारखा माणूस इथे येऊन सगळ्यांचं काम एकदम घेईल तर बरं होईल. राहायचं-खायचं आमच्याकडे. शिवाय मध आणि चारोळी बांधून ठेवली आहे. नोटिसा कोणाला आल्या नव्हत्या. मृगाच्या तोंडावर, लाकूड न्यायला आलेल्या शेवटच्या ट्रकमधून ठोसर उतरला. दोन दिवसांत याच ट्रकनं परतायचं, असा त्याचा बेत होता. पहिल्या दिवशी मी त्याला पुरणपोळी केली. दुसऱ्या दिवशी दुकानदार पलीकडच्या गावाहून यायचे आहेत म्हणून थांबवलं. ट्रक भरून निघून गेला तेव्हा तो आमच्याकडे जेवून घोरत होता. मग पाऊस आला. काही वर्षी पाणी चढायला वेळ लागतो. त्या वर्षी पर्लकोटेनं माझी लाज राखली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. पावसाळ्यातही मधूनमधून उघडीप मिळते आणि तेव्हा खोड कोरून केलेल्या डोंग्यातून माणूस पार जाऊ शकतो. डोंगा लालसूचा होता. लालसू माडिया आदिवासी, नदीत जन्मल्यासारखा माणूस, आणि सासूबाईंना खांदा देणाऱ्या चौघांतला एक. त्याला मी काही शिकवलं नाही. एवढंच सांगितलं की हा तो चांद्याचा माणूस, आणि गणपतभाऊ याच्या दारात रोज जाऊन बसत होते आणि हा रोज काय म्हणत होता तेही सांगितलं. लालसूनं ऐकून घेतलं, जाळ्याची गाठ मारली आणि पुन्हा जाळं विणायला लागला.

ठोसर पहिल्या आठवड्यात ऐटीत होता. छत्री घेऊन लालसूच्या झोपडीवर गेला आणि म्हणाला, “काय रे, डोंगा कधी काढणार?”

“उद्या या जी,” लालसू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. “पाहू जी. पाणी गंज चढलं आहे.” तिसऱ्या दिवशी लालसू घरातच नव्हता. मग एके दिवशी ठोसर चिडून ओरडला की माझी तिकडे कामं खोळंबली आहेत, तुला काही कळतं का. तेव्हा लालसू खाली बसून त्याच्याकडे पाहत म्हणाला, “चिंता नोको करू जी. मी आहे ना.”

ठोसर घरी आला तेव्हा त्याचा चेहरा मी नीट पाहिला. तो चेहरा मी जपून ठेवला आहे. आजही कधी मन उदास झालं की काढून पाहते.

बाकीचं काम गावानं आपोआप केलं. मी म्हटलं ना, पाणी असेपर्यंत कोणी कोणाचं काही ऐकत नाही. ठोसर नाकेदाराकडे गेला, नाकेदार म्हणाला पाणी उतरल्यावर. मास्तराकडे गेला, मास्तर म्हणाला पाणी उतरल्यावर. त्याला वाटायचं सगळं गाव फितूर आहे. तसं काही नव्हतं. गाव नेहमीसारखं वागत होतं. रोज सकाळी तो बॅग भरून काठावर जायचा आणि दुपारी भिजून परत यायचा. मी त्याला कोरडं धोतर द्यायची, गरम भात वाढायची. पाहुणचारात मी कसूर केली असं तो सुद्धा म्हणू शकला नसता. फक्त ताट वाढताना मी रोज एकच विचारायची, “मग साहेब, आमच्या अपिलाचं काय झालं?” सुरुवातीला तो सांगायचा, मुंबईला गेलं आहे. मग सांगायचा, बघतो. मग तो नुसता भात कालवायचा.

यजमानांना हे आवडत नव्हतं. ते एकदा मला म्हणाले, “तू काय करून राह्यली? पाव्हणा आहे तो.” मी म्हटलं, “पाव्हणाच आहे. म्हणून तर जेवू घालून राह्यली.”  त्यांच्या स्वभावात राग नव्हता, म्हणून त्यांच्या वाटचाही मलाच करावा लागला.

श्रावणात ठोसरला हिवताप झाला. दात वाजत, डोळे लाल. मी त्याला कुनैन दिलं, पेज दिली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. शेजारीण म्हणाली, बाई, तुमचं मन किती मोठं आहे. मन कसलं मोठं? मेलेल्या माणसाची सही होत नाही, एवढा माझा हिशोब होता. तापात त्यानं मला विचारलं, “बाई, तुम्ही माझ्यावर का रागावलात?” मी सासूबाईंची खाट त्यालाच दिली होती आणि ती पुन्हा दाराशी लावली होती. मी म्हटलं, “तुम्ही ज्या खाटेवर निजले आहात, तिच्यावर माझी सासू गेली. पोराची वाट पाहून गेली. पोरगा तुमच्या बाकावर होता.” त्यानं डोळे मिटून घेतले. तो शरमला की नुसता तापानं ग्लानीत गेला, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

ताप उतरल्यावर तो स्वतःच बोलला. “काय हवं तुम्हाला?”

“खरं ते लिहून द्या. तुम्ही अपील केलं नाही, आणि हे चांद्यात असताना साहेबाला सांगितलं की भामरागडला आहेत. एवढं लिहून सही करा. लिहिलं की लालसूले डोंगा काढाले सांगते.”

तो आणखी काही दिवस काठावर जाऊन आला. मग एका उघडिपीच्या सकाळी त्यानं कागद मागितला. अक्षर सुरेख होतं. मी दोनदा वाचून पाहिलं, एक शब्दही खोटा नव्हता. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यानं कोणाचं काम असं चोख केलं असेल.

पुढचं आता आधीच सांगून टाकते. यजमान तो कागद घेऊन चिखलातून आलापल्लीला आणि तिथून चांद्याला पोचले. रहमतसाहेबांनी कागद वाचला आणि मान वर न करता विचारलं, “जबरदस्ती तर नाई केली?” यजमान म्हणाले, “नाई जी, पाव्हणचार केला.” तारखेला अपिलाच्या साहेबानं विचारलं, हे ठोसर कुठे आहेत, त्यांना समोर आणा. रहमतसाहेब म्हणाले, “साहेब, ते भामरागडला आहेत. रस्ता बंद आहे.” साहेबानं पडताळा घ्यायला माणूस पाठवला, ठोसरच्या घरी त्याच्या बायकोनंही तेच सांगितलं. उशीर माफ झाला, चौकशी नव्यानं झाली, आणि चारोळीच्या पैशातून मिठाचा खर्च जाऊन जे उरत होतं तेवढ्यावर टॅक्स लागला. तो आम्ही दोन हप्त्यांत भरला. लिलाव झाला नाही. घर राहिलं, दुकान राहिलं. आणि ठोसर नसल्यानं पावसाळ्यात ज्यांच्या तारखा बुडाल्या, ते सगळे एकेक करून रहमतसाहेबांच्या दारी गेले. दिवाळीला त्याच्या ओट्यावर बाक होता, पण बसायला कोणी नव्हतं. मी ते चांद्याला जाऊन माझ्या डोळ्यांनी पाहून आले, मुद्दाम वाट वाकडी करून.

पण मला सांगायचं आहे ते कागदाच्या सकाळचं. उघडीप होती, पाणी गढूळ पण शांत होतं. लालसूनं डोंगा काठाला लावला. यजमानांनी कागद मेणकापडात गुंडाळून कमरेला बांधला आणि ते पुढे बसले. ठोसर तयारच होता. कोट घातलेला, बॅग हातात, मधाची बाटलीही घेतली होती. त्यानं एक पाय डोंग्यात टाकायला उचलला.

मी लालसूला म्हटलं, “एकच जण.”

लालसूनं माझ्याकडे पाहिलं आणि बांबूनं डोंगा पाण्यात ढकलला. ठोसर घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिला. डोंगा मधल्या धारेला लागला. यजमानांनी एकदा वळून पाहिलं. मी त्यांना हातानं सांगितलं, जा.

“डोंग्यात जागा होती, बाई,” ठोसर म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. “घरी माझी वाट पाहत असतील हो. तुम्ही शब्द दिला होता.”

“हो, दिला होता,” मी म्हटलं, आणि घरी येऊन त्याच्याही वाटचा भात चुलीवर टाकला.